संकरित कुत्र्याची डीएनए चाचणी : अहवाल वाचावा कसा?

दत्तक घेतलेला कुत्रा घरी आला की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हा कुठल्या जातीचा?’ कान पडलेले असले तर लॅब्रॅडॉर, तोंड लांबट असले तर अल्सेशियन आणि छाती रुंद असली तर पिटबुल, अशी उत्तरेही नजरेच्या अंदाजानेच दिली जातात. कुत्र्याच्या लाळेवरून त्याचे पूर्वज सांगणाऱ्या डीएनए चाचण्या आता उपलब्ध आहेत. त्यांचा अहवाल टक्केवारीत येतो आणि छापील आकड्यांवर आपला चटकन विश्वास बसतो. मात्र हे आकडे कसे तयार होतात, हे जाणून घेतल्याशिवाय त्यांवरून निर्णय घेणे योग्य नाही.

नजर का फसते?

कुत्र्याचे रूप मोजक्या जनुकांवर फार अवलंबून असते. जातिवंत कुत्र्यांच्या केसांची लांबी, कुरळेपणा आणि तोंडाभोवतीची दाढी-मिशी यांतील बहुतेक फरक केवळ तीन जनुकांमुळे घडतात, असे २००९ मध्ये दिसून आले. डॅशहंडच्या आखूड पायांमागेही मुख्यत्वे एकाच जनुकाची जादा प्रत असते. त्यामुळे आजोबा लॅब्रॅडॉर असूनही नातवात त्याची एकही खूण न दिसणे सहज शक्य आहे. तसेच एखादी खूण दिसली म्हणून ती जात वंशात असेलच असेही नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चार निवारागृहांतील १२० कुत्र्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. डीएनए चाचणीत त्यांपैकी २५ कुत्र्यांत पिटबुल गटाचा वंश आढळला. कर्मचाऱ्यांनी नजरेने त्याच्या दुपटीहून अधिक कुत्र्यांना पिटबुल ठरवले होते. रोज कुत्री हाताळणाऱ्यांचीही ही स्थिती होती.

चाचणी कशी होते?

कुत्र्यात गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. त्याच्या जनुकसंचात सुमारे २४० कोटी अक्षरे आहेत. ताशा नावाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा जनुकसंच डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या संशोधनाला भक्कम पाया मिळाला. त्याआधी २००४ मध्येच, ८५ जातींच्या अभ्यासात केवळ डीएनएवरून सुमारे ९९ टक्के कुत्र्यांची जात अचूक ओळखता आली होती.

घरगुती चाचणीत कुत्र्याच्या गालाच्या आतील बाजूस छोटा ब्रश फिरवून पेशी घेतल्या जातात. त्याआधी काही वेळ त्याला खाणे देऊ नये आणि दुसऱ्या कुत्र्याशी त्याचा लाळेचा संपर्क होऊ देऊ नये. प्रयोगशाळेत डीएनएवरील हजारो ठरावीक खुणा वाचल्या जातात. काही कंपन्या दोन लाखांहून अधिक खुणा तपासतात. मग डीएनएचे तुकडे कंपनीजवळील जातिवंत कुत्र्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले जातात. कोणता तुकडा कोणत्या जातीशी सर्वाधिक जुळतो, त्यावरून टक्केवारी निघते.

म्हणजे अहवाल हा तुलनेचा निष्कर्ष असतो. ज्या जातीचे नमुने कंपनीच्या संदर्भसंचात नाहीत, ती जात अहवालात येऊच शकत नाही. दोन कंपन्यांचे अहवाल वेगळे येतात, त्याचे मोठे कारण हेच आहे.

टक्केवारीचा अर्थ

पिल्लाला आईकडून निम्मा व वडिलांकडून निम्मा वारसा मिळतो. आजी-आजोबांचा वाटा प्रत्येकी सरासरी २५ टक्के आणि पणजोबांचा साडेबारा टक्के असतो. प्रत्यक्षात तो कमी-अधिक होतो. पिढ्या वाढत जातात तसे वारशाचे तुकडे लहान होतात व त्यांची ओळख संदिग्ध होते. म्हणून मोठे आकडे तुलनेने विश्वसनीय मानावेत, तर दोन-चार टक्क्यांच्या नोंदी अंदाज समजाव्यात. एका विणीतील भावंडांचे अहवालही भिन्न असू शकतात. कुत्रीच्या एकाच विणीत वेगवेगळ्या नरांची पिल्ले असणे शक्य असते.

गावठी कुत्रा मिश्र नव्हे

गोव्याच्या बाजारांत, किनाऱ्यांवर आणि वाड्यांत दिसणाऱ्या गावठी कुत्र्याला आपण सर्रास ‘मिक्स’ म्हणतो. हा शब्द बहुतेकदा चुकीचा ठरतो. आजच्या बहुसंख्य नोंदणीकृत जाती गेल्या दोनशे वर्षांत निवडक पैदाशीतून घडल्या. लंडनचा केनल क्लबच मुळी १८७३ मधला. गावठी कुत्र्यांचा वंश त्याहून कितीतरी जुना आहे आणि तो अशा जातींच्या मिश्रणातून निर्माण झालेला नाही. जगभरातील अशा कुत्र्यांवरील २०१५ च्या मोठ्या अभ्यासात ३८ देशांतील ५४९ गावकुत्र्यांचे नमुने होते.

संदर्भसंचात भारतीय गावठी कुत्रे नसतील, तर चाचणी जवळात जवळच्या जाती शोधते आणि अहवालात तीन-चार परदेशी नावे उमटतात. महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुधोळ हाउंडबाबतही हे घडू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी कंपनीला एक प्रश्न अवश्य विचारावा : तुमच्या संचात भारतीय कुत्र्यांचे नमुने आहेत का?

आरोग्याचा भाग

अनेक चाचण्यांत आनुवंशिक दोषही तपासले जातात. येथे ठरावीक जागेवरील उत्परिवर्तन थेट वाचले जाते, त्यामुळे हा भाग जातीच्या संदर्भसंचावर अवलंबून नसतो. एमडीआर-१ जनुकातील दोष हे त्याचे महत्त्वाचे उदाहरण. कोली आणि तत्सम मेंढपाळ जातींत हा दोष विशेष आढळतो. त्यांच्या संकरित संततीतही तो येऊ शकतो. हे जनुक निरोगी असेल तर काही औषधे मेंदूत साचत नाहीत. ते सदोष असेल आणि खरजेसाठी आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा दिली गेली, तर कुत्र्याला कंप सुटतो, तो बेशुद्ध होतो, प्रसंगी दगावतो. असा दोष आढळल्यास अहवालाची प्रत पशुवैद्याकडील नोंदीत ठेवावी. इतर काही उत्परिवर्तनांचा अर्थ मात्र केवळ वाढलेली शक्यता एवढाच असतो. निदान पशुवैद्यानेच करावे.

स्वभाव आणि कायदा

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या परिपत्रकात २३ जाती आणि त्यांच्या संकरांना परवाने देऊ नयेत, असे म्हटले होते. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केले. तरी ‘संकर’ ठरवायचा कसा, हा प्रश्न उरतोच. नजरेने ठरवला तर चुकीच्या कुत्र्यावर शिक्का बसतो. डीएनएने ठरवला तर किती टक्के पुरेसे, हे आधी निश्चित करावे लागते.

वंश कळला तरी स्वभाव कळतोच असे नाही. २०२२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली आणि २,१५५ कुत्र्यांचे डीएनए तपासले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्के फरकच जातीवरून स्पष्ट होतात, असे त्यांना आढळले. घरात लहान मुले असतील, तर अहवालातील नावांपेक्षा त्या कुत्र्याचे प्रत्यक्ष वागणे पाहावे. अहवाल काहीही येवो, त्याला रेबीजची लस वेळेवर द्यावी, निर्बीजीकरण करावे आणि लहानपणापासून माणसांची सवय लावावी.