ताडोब्याआधी चांदा

ताडोब्याला आलेली पाहुणे मंडळी चंद्रपूर स्टेशनवर उतरतात आणि तडक मोहर्लीच्या प्रवेशद्वाराची वाट धरतात. मला त्याचं वाईट वाटतं. वाघ पाहावाच, पण गोंडराजांची ही राजधानी अजून परकोटात नांदते आहे. आमची म्हातारी माणसं आजही तिला चांदाच म्हणतात.

बल्लारपूरच्या गोंडराजा खांडक्या बल्लाळशहाचा त्वचारोग झरपट नदीच्या पाण्यानं बरा झाला, इथंच त्याच्या कुत्र्यावर एक ससा उलटून धावला आणि ज्या वाटेनं ससा पळाला तिच्यावर कोट बांधायला राणीनं सुचवलं, अशी कथा सांगतात. कोट मात्र खरा आहे. लांबी सुमारे ११ किलोमीटर, वेशी चार: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. शिवाय खिडक्या, म्हणजे छोट्या वेशी. जटपुऱ्याच्या वेशीतून ऑटो आणि शाळेच्या सायकली अखंड वाहतात. त्या गर्दीत क्षणभर थांबा नि मान वर करा. हत्तीवर झेपावणारा सिंह दिसेल, ती गोंडराजांची मुद्रा.

पण या राजधानीत मला सर्वांत मोठी वाटते ती राणी हिराई. अठराव्या शतकाच्या आरंभी तिचा नवरा राजा बीरशहाचा खून झाला. पोटी मुलगा नव्हता. तिनं रामशहाला दत्तक घेऊन राज्य सांभाळलं, महाकालीचं देऊळ उभारलं आणि नवऱ्याची समाधी बांधली. अंचलेश्वराच्या देवळाशेजारी ती समाधी आहे. बायकोसाठी नवऱ्यानं बांधलेल्या वास्तूचे गोडवे देशभर गायले जातात. नवऱ्यासाठी बायकोनं बांधलेली ही घुमटाची वास्तू आपल्या पोरांनाही ठाऊक नसावी, हे मला सहन होत नाही.

१७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून किल्ला घेतला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला याच गावच्या तुरुंगात इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली.

हिराईचं देऊळ मात्र दर चैत्रात गजबजतं. नांदेडकडून, तेलंगणातून माणसं येतात, झरपटवर आंघोळ करतात, तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक करतात. नदीची आजची दशा पाहून जीव तुटतो, तरी त्यांची श्रद्धा तसूभर ढळत नाही.

२०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी परकोटावरची झुडपं तोडली, बुरुज मोकळे केले. आता तटावरून चालता येतं. सकाळी उन्हाआधी निघा, नि उतरल्यावर कढीसोबत गरम सांबारवडी खा. सफारी दुपारचीही असते.