कलाभवनाची रंगशाळा

मंजिष्ठेच्या मुळांतून जो लाल रंग आपले रंगारी पिढ्यान्‌पिढ्या काढीत आले, त्याचे मर्म ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनवेत्त्यांनी १८६८ साली उलगडले. आणि त्या द्रव्याची घटना कशी असावी या शुद्ध जिज्ञासेतून आरंभलेल्या शोधाचा परिणाम असा झाला की, डांबरापासून सिद्ध केलेला तोच रंग अल्पावधीत आपल्या बंदरांत उतरू लागला व मंजिष्ठेचा व्यापार बसला. गुजराथेतील रंगाऱ्याला नवा रंग मिळाला, पण त्याची विद्या ज्या भाषांत छापलेली होती त्या त्याला वाचता येत नव्हत्या.

हे व्यंग ओळखणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे जन्माने सुरतेचे, कुळाने सुतार आणि बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली त्यांनी बडोद्यास कलाभवन उघडले. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तेथे देशी भाषेतून शिकवावयाचे, तर आधी परिभाषा व पुस्तके हवीत. त्यांचाही खर्च दरबाराने मंजूर केला. हत्तीच्या अंबारीसाठी संस्थानी खजिना जितका सहज उघडत असे तितका शब्दकोशासाठी क्वचितच उघडे, म्हणून या मंजुरीचे मोल मला इमारतीहून अधिक वाटते.

परंतु गज्जरांचे खरे वैशिष्ट्य असे की, कॉलेजातील परीक्षानळी आणि रंगशाळेतला हंडा ही दोन्ही त्यांनी एकाच नजरेखाली ठेवली. १८९६ साली ते मुंबईस गेले, तेव्हा कलाभवन काही बंद पडले नाही. कुशल कारागीर तेथून बाहेर पडत राहिले, आणि पुढे विद्यापीठ झाल्यावर ती संस्था त्याच्या तंत्रशाखेत सामावली. मात्र हंड्यात रंग का चढतो हे विचारणारा माणूस गेला, ही उणीव मागाहून कोणत्याही हुजूर हुकुमाने भरून निघण्याजोगी नव्हती. त्यांच्या शिष्यवर्तुळातील कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली बडोद्यास अलेंबिक कारखाना काढला, हे त्यांच्याच पेरणीचे पीक.

गज्जर मुंबईस गेले त्याच सुमारास तेथे व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास चापेकर बंधूंनी डांबर फासले. ज्या डांबरातून जर्मनांनी आमचा मंजिष्ठी रंग काढला होता, ते या दगडावरून काढण्यासाठी सरकारला गज्जरांचाच आधार घ्यावा लागला. आणि त्यांनी ते काढून दाखविले.