संगमरवर की ॲलाबास्टर? आसिरियाच्या भिंतींची गोष्ट

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आसिरियन राजवाड्यांच्या भिंतींवरचे काही कोरीव शिलापट आहेत. पाहणारा त्यांना सहज संगमरवर समजून पुढे जातो. असा समज होणारा तो पहिलाच नव्हे. एकोणिसाव्या शतकात ही शिल्पे उकरून काढणारे युरोपीयही या दगडाला ‘मोसुलचा संगमरवर’ म्हणत असत. प्रत्यक्षात तो ॲलाबास्टर आहे. फरक केवळ नावाचा असता, तर त्यासाठी धागा लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आसिरियाच्या राजवाड्यांतले काय उरले आणि काय गेले, हे पुष्कळसे याच फरकाने ठरवले. (धागा)

संगमरवर हा मुळात चुनखडक. भूगर्भातील उष्णता आणि दाब यांमुळे तो नव्याने स्फटिकरूप घेतो व त्याचे कण एकमेकांत घट्ट गुंततात. त्याचे प्रमुख खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आसिरियातील ॲलाबास्टर म्हणजे सूक्ष्मकणी जिप्सम. हे कॅल्शियम सल्फेट असून त्याच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. जिप्समवर नखानेही ओरखडा उठतो. संगमरवरावर नख चालत नाही. सौम्य आम्लाचा थेंब पडला की संगमरवर फसफसतो, जिप्सम फसफसत नाही. (हे प्रयोग अर्थातच संग्रहालयात करून पाहायचे नाहीत.)

गोंधळ वाढवला तो इजिप्तने. तेथील ज्या दगडाला ‘ॲलाबास्टर’ म्हणतात तो जिप्सम नसून, पाण्यातून थरांथरांनी साचलेला कॅल्साइट आहे. म्हणजे रासायनिक दृष्टीने तो संगमरवराचाच सख्खा भाऊ. फेरो सेती पहिला याची शवपेटी या दगडाची आहे. बेल्झोनीला ती १८१७ मध्ये राजांच्या दरीत सापडली. २,००० पौंड ही किंमत ब्रिटिश म्युझियमने नाकारली आणि १८२४ मध्ये वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी ती विकत घेतली. पुढच्याच वर्षी त्यांनी तीन संध्याकाळी पाहुण्यांना बोलावून दिव्यांच्या उजेडात ती दाखवली. दगडातून प्रकाश आत झिरपतो, हे या दोन्ही ‘ॲलाबास्टर’मधले साम्य. एकाच नावाखाली दोन दगड नांदू लागले, ते अशा वरवरच्या साम्यामुळेच.

आता आसिरियाकडे. असुरनासिरपाल दुसरा (इ. स. पू. ८८३–८५९) याने कल्हू, म्हणजे आजचे निमरूद, येथे राजवाडा बांधला. भिंती कच्च्या विटांच्या होत्या. त्यांच्या खालच्या भागाला दोन मीटरहून उंच शिलापट लावलेले होते. जिप्सम मोसुलच्या परिसरात मुबलक होते, आणि मऊ असल्याने छिन्नीला सहज वश होणारे होते. राजाच्या दाढीचे कुरळे केस, वस्त्राच्या काठावरचे भरतकाम, पंखधारी देवदूतांच्या पिसांतल्या रेघा हे सारे इतक्या बारकाईने कोरता आले, त्यात कारागिराच्या हाताइतकाच या मऊपणाचा वाटा आहे. राजाच्या पराक्रमाचा तोच तो मजकूर पटापटावर, पुष्कळदा आकृत्यांच्या अंगावरूनच कोरलेला आढळतो. कठीण दगडात एवढी हौस परवडली नसती.

या मऊपणाची किंमतही होती. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमहून अधिक जिप्सम विरघळते. मकराण्याच्या संगमरवराचा ताजमहाल साडेतीन शतकांहून अधिक काळ पाऊस झेलत उभा आहे. जिप्समच्या कोरीव कामाला उघड्यावर ते साधले नसते. आसिरियन पट टिकले ते आधी छपराखाली होते म्हणून, आणि नंतर कोसळलेल्या कच्च्या विटांच्या मातीने त्यांना झाकून टाकले म्हणून.

दुसरा शत्रू आग. संगमरवराचा चुना व्हायला भट्टीची धग लागते, सुमारे ९०० अंश सेल्सिअस. जिप्सम मात्र १५० अंशांच्या आसपासच आपले बरेचसे पाणी सोडते आणि उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. दर भाद्रपदात ज्यावरून वाद होतो तेच पीओपी. इ. स. पू. ६१४ ते ६१२ या काळात आसिरियाची नगरे शत्रूंनी लुटली, जाळली. आगीत सापडलेल्या पटांचा ‘चुना’ झाला, असे उत्खननकर्त्यांनी लिहून ठेवले. रसायनशास्त्र त्यांना येथे दुरुस्त करील: तो चुना नव्हता, प्लास्टर होते. फ्रेंच वाणिज्यदूत बोत्ता याने १८४३ मध्ये खोर्साबादला खणायला सुरुवात केली, तेव्हा उघडे पडलेले कित्येक पट डोळ्यांदेखत ढासळू लागले. म्हणून १८४४ मध्ये फ्लांदँ या चित्रकाराला तेथे धाडण्यात आले. काही शिल्पे आज केवळ त्याच्या रेखाटनांतून ठाऊक आहेत.

निमरूदला लेयार्डने १८४५ मध्ये काम सुरू केले. वजन घटवण्यासाठी त्याने पटांच्या पाठी कापून काढल्या. मऊ दगडामुळे तेही शक्य झाले. फुगवलेल्या कातड्यांवर बांधलेल्या तराफ्यांतून शिल्पे टायग्रिसमार्गे बसऱ्याला, तेथून जहाजाने मुंबईला आणि मग लंडनला, असा प्रवास होता. १८४८ मध्ये मुंबईत त्यातील पेट्या उघडून प्राचीन वस्तू लोकांना दाखवल्या गेल्या. लंडनला त्या पोहोचल्या तेव्हा बांधणी विस्कटलेली होती आणि काही लहान वस्तू गहाळ होत्या. लेयार्डचा संताप समजण्याजोगा आहे, मुंबईकरांचे कुतूहलही.

फ्रेंचांच्या नशिबी याहून वाईट होते. बोत्तानंतर प्लास याने खोर्साबादचे काम पुढे चालवले. मे १८५५ मध्ये त्याचे तराफे व नाव टायग्रिस–युफ्रेटिस संगमावरील कुर्नाजवळ लुटारूंच्या हल्ल्यात बुडाली. दोनशेहून अधिक पेट्या निघाल्या होत्या; त्यांतल्या थोड्याच वाचल्या. १९७१–७२ मध्ये एका जपानी पथकाने त्या भागात नदीचा तळ धुंडाळला. हाती काही लागले नाही.