कोर्लईचा किल्ला आणि गावातली भाषा



आमचा भाचा फ्रान्स फिरून आला. तिकडे म्हणे खेड्याखेड्यात एकेक दगडी गढी जपून ठेवलेली असते, आणि गावकरी तिचा इतिहास तोंडपाठ सांगतात. फोटो सुंदर होते, नाही म्हणणार नाही. पण मनात आलं, आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर काय कमी आहे? जंजिरा आणि कुलाबा सगळ्यांना माहीत असतात. आज मला लिहायचं आहे ते कोर्लईविषयी.

अलिबागहून मुरुडला निघालात की रेवदंड्याची खाडी लागते. कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते. पूल ओलांडून साळावला आलं की उजव्या हाताला समुद्रात घुसलेली एक लांबट टेकडी दिसते. तिच्यावर कोर्लईचा किल्ला, दीपगृह आणि पायथ्याशी कोळी आणि ख्रिस्ती वस्तीचं गाव. खाडीच्या अलीकडे रेवदंडा. टेकडीवर तोफा चढवल्या की खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत माऱ्यात येतं. किल्ल्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघालेला आहे.

चौल हे फार जुनं बंदर. पोर्तुगीजांचा डोळा त्याच्यावर पहिल्यापासून होता. 1508 मध्ये चौलच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांचा पराभव केला. त्या लढाईत व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. तरी ते हटले नाहीत. 1521 च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी घेऊन त्यांनी रेवदंड्याला बस्तान बसवलं. पुढे संबंध बिघडले. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला कित्येक महिने वेढा घातला, पण ठाणं काही पडलं नाही. मग 1594 मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरची टेकडीच ताब्यात घेतली. तिथे किल्ला बांधायला घेतला आणि तोफा रोखल्या. पोर्तुगीजांच्या गळ्याला फास लागल्यासारखं झालं. बाहेरून कुमक मागवून त्यांनी त्याच वर्षी हल्ला चढवला आणि टेकडी जिंकली.

पण जिंकलं म्हणजे सांभाळता येतंच असं नाही! एवढ्या मोठ्या जागेला पुरेल इतकी शिबंदी त्यांच्याकडे नव्हती. म्हणून आधी बरंचसं बांधकाम त्यांनी स्वतःच पाडलं आणि पुढे सोयीसवडीने पुन्हा तटबंदी उभी केली. आज आपण पाहतो ते मुख्यतः हे पोर्तुगीज बांधकाम. एकामागून एक दरवाजे, पडक्या चर्चच्या भिंती, पाण्याचं टाकं, पोर्तुगीज अक्षरांचे शिलालेख. बुरुजांना त्यांच्या संतांची नावं होती.

1683 मध्ये संभाजी महाराजांनी चौलवर मोहीम काढली, पण ठाणं हाती आलं नाही. पुढे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडली. त्याच धामधुमीत सुभानराव माणकरांना कोर्लईवर पाठवलं होतं. 1740 च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले आणि संतांच्या बुरुजांना मराठी नावं मिळाली. 1818 मध्ये इंग्रज आले आणि किल्ल्याचं काम संपलं.

पाठ्यपुस्तकातला इतिहास इथे थांबतो. मी बरीच वर्षं हा भाग वर्गात शिकवला. मुलं हमखास विचारायची, "बाई, मग हा किल्ला आपला की त्यांचा?" उत्तर वाटतं तितकं सोपं नाही, आणि त्याचं कारण गडावर नाही, खाली गावात आहे.

1740 मध्ये पोर्तुगीज अंमलदार आणि सैनिक निघून गेले. जाण्याजोगी जागा नसलेले गरीब ख्रिस्ती लोक मात्र राहिले. ते इथलेच होते, पण धर्म वेगळा, त्यात जातीची बंधनं, त्यामुळे आजूबाजूच्या गावांशी रोटीबेटी व्यवहार नाही. आपापसात ते जी मोडकीतोडकी पोर्तुगीज बोलत होते, तीच त्यांची मातृभाषा झाली. तिला ते ‘नॉलिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने तिच्यावर 1996 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं.

व्याकरण शिकवणारीला यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोर्तुगीज भाषेत क्रियापद साधारणपणे मधे येतं, कर्म नंतर. कोर्लईच्या बोलीत मात्र मराठीसारखं आधी कर्म आणि शेवटी क्रियापद! शब्द तिकडचे, मांडणी इकडची. आणि आपण तरी कुठे कोरडे राहिलो? पगार, चावी, घमेलं, पिंप, काजू, बटाटा हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. ते वापरताना कुणाला परकं वाटत नाही.

ही बोली बोलणारे आज हजाराच्या आसपास, किंबहुना कमीच असतील. मुलं मराठी आणि इंग्रजी शिकतात, नोकरीसाठी मुंबईला जातात, लग्नं गावाबाहेर होतात. यात वाईट काहीच नाही. इतकी वर्षं ज्या वेगळेपणामुळे ही भाषा टिकली, तो वेगळेपणा म्हणजे काही सुख नव्हतं. पण तो संपताना भाषाही जाणार, आणि गेलेली भाषा तटबंदीसारखी डागडुजी करून परत उभी करता येत नाही.

म्हणून वाटतं, किल्ला आपलाच, आणि ही बोलीसुद्धा आपलीच. निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज सगळे आले नि गेले. पायथ्याची माणसं तेवढी राहिली.

असो. कोर्लईला गेलात तर गड पाहून लगेच गाडीत बसू नका. थोडा वेळ गावात थांबा. एखाद्या ओट्यावर दोन आज्या बोलत बसलेल्या दिसल्या, तर नमस्कार करून विचारा, "आजी, ही कुठली भाषा?" त्यांनाच सांगू दे.