एकतर्फी हुकूमनामा : सुप्याचा दंगा आणि आपली दिवाणी न्यायालये



माझा विषय तत्त्वज्ञान. तेव्हा दिवाणी कायद्यावर हा काय बोलणार, अशी शंका तुम्हाला आली असेल, आणि ती रास्त आहे. पण दिवाणी प्रक्रियेच्या मुळाशी एक निखळ तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. जो माणूस न्यायालयात आलाच नाही, बोललाच नाही, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ काय लावायचा? कबुली, की असहायता?

हा प्रश्न शेतकऱ्यांनी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात विचारला. दंगा झाला, तो पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. पण जमावाला सावकाराच्या जिवापेक्षा त्याचे कागद हवे होते. रोखे आणि हुकूमनामे शोधून ते जाळले गेले. आता, कागदावर एवढा राग कशासाठी?

थोडं मागे जाऊ. पेशवाईत वाद पंचायतीपुढे गेला की साधारणपणे दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत, जामीन घेत. म्हणजे निवाडा मान्य करू, हे दोघांनी आधी कबूल करायचं. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. जातीचं आणि वतनाचं वजन तिथेही होतंच. पण वसुलीसाठी सावकाराच्या हाती मुख्यतः तगादा आणि धरणं होतं, सरकारी बेलिफ नव्हता.

१८५९ साली दिवाणी प्रक्रिया संहिता आली. त्याच वर्षी मुदतीचा कायदाही आला. साध्या रोख्याची पूर्वीची १२ वर्षांची मुदत ३ वर्षांवर आली. हेतू चांगला होता, की जुनी कर्जं माणसाच्या मानेवर बसू नयेत. झालं उलटं! दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा होऊ लागला. उदाहरणादाखल हिशेब करा. १०० रुपये, दरसाल २४ टक्के. तीन वर्षांनी १७२. त्याचा नवा रोखा, सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. आणि न्यायालयापुढे जातो तो फक्त शेवटचा कागद, खाली अंगठा असलेला.

समन्स निघालं की कुणबी बहुधा यायचाच नाही. न्यायालय लांब, वकिलाला पैसे नाहीत, आणि अंगठा तर आपलाच. काही वेळा समन्स त्याच्यापर्यंत पोचतच नसे. दंग्यानंतर नेमलेल्या आयोगाने १८७६ साली अहवाल दिला, त्यात एकतर्फी हुकूमनाम्यांकडे बोट दाखवलं. नियम सगळे पाळले गेले होते, पण ऐकून कुणी घेतलं नव्हतं.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याने प्रक्रियाच बदलली. शेतकऱ्यावर दावा तो राहतो तिथल्या न्यायालयात करायचा. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासायचा. हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करायची नाही. या कायद्याखालच्या कामावर देखरेख करणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे होते. १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

मग सगळं सुरळीत झालं का? नाही. सावकारांनी गहाण सोडून खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, मनात कर्ज. लेखी खताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा पुराव्याचा नियम. म्हणून १९०७ साली कलम १०-अ घालावं लागलं, की खरेदीखत हे प्रत्यक्षात गहाण होतं, हे शेतकऱ्याला तोंडी पुराव्यानेही दाखवता यावं.

हा झाला मुंबई इलाख्याचा कायदा. आपला वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, पण निजामाचा मुलूख म्हणून. १९०३ नंतर त्याचा कारभार मध्य प्रांताकडे गेला. त्यामुळे कलम १०-अ चं संरक्षण आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हतं. आणि कर्जापोटी खरेदीखत हा प्रकार या कापसाच्या मुलखात मला समजावून सांगावा लागतो का? २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात कलम १८ आहे. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतो. म्हणजे सुप्यापासून सुरू झालेला धागा इथे आपल्यापर्यंत आला. फक्त काम न्यायालयाकडून सहकार खात्याकडे गेलं.

सध्याची संहिता १९०८ ची. तिच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती लागणारी जनावरं आणि बियाणं यांवर जप्ती येत नाही. निव्वळ गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितलं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो. त्यासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते.

पण हे सगळं मागावं लागतं. वकील मंडळी म्हणतील, प्रक्रिया ढिली केली तर दावे संपणारच नाहीत. खरं आहे, दहा-दहा वर्षं चालणारा दावाही अन्यायच. तरी मला वाटतं, वेग मोजताना न्यायालयाने एक वेगळा आकडाही मोजावा : किती निकाल समोरच्याचं ऐकून झाले आणि किती न ऐकता. १८७५ साली तो आकडा आयोग नेमल्यावरच विचारात आला.

तेव्हा घरी समन्स आलं तर ते घ्या, तारखेला हजर राहा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. आता तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.