माळ्यावरच्या मैफली

भास्करबुवा बखले 1922 साली गेले. पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांना घडवणारे बुवा कसे गात, हे आज फक्त वाचायला मिळते. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेब तर 1946 पर्यंत हयात होते. ग्रामोफोनचा जमाना ऐन भरात होता, तरी त्यांनी आपले गाणे मुद्रित होऊ दिले नाही. घराण्याच्या चिजा आणि अनवट राग चोरीला जातील, ही धास्ती त्या काळच्या पुष्कळ गवयांना होती. ती अगदीच निराधारही नव्हती.

ज्यांनी तबकड्या दिल्या, त्यांचीही पंचाईतच होती. कोलकात्यात 1902 साली गौहरजान गायली तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तास-सव्वा तास राग मांडणाऱ्या गायकाने त्यात काय काय बसवायचे? केसरबाई केरकरांची अशीच साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. पण केसरबाई म्हणजे काय चीज होती, हे ज्यांना मैफलीत कळले, त्यांच्या लेखी ती भैरवी म्हणजे फक्त ओळख होती. खरी केसरबाई विलंबित ख्यालात होती, आणि तो ख्याल तबकडीत मावत नव्हता.

टेप आली आणि हे चित्र पालटले. सात इंची स्पूलवर बाराशे फूट टेप असे. सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने ती चालवली की एका बाजूला तासभर गाणे बसे. पन्नास-साठच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या मोजक्या घरांत ग्रुंडिगसारखी यंत्रे आली. घरगुती बैठकीत यजमान गायकाची परवानगी काढत आणि माईक तंबोऱ्यांच्या पुढ्यात ठेवत. काही जण परवानगीच्या भानगडीत पडत नसत. या टेपांत डग्गा फार पुढे आलेला असतो, कुणीतरी खोकतो, कपबशी वाजते. पण त्यांत गायक मोकळा असतो. समोर जाणकार बसलेले, घड्याळाचा धाक नाही. त्याच गायकाचे स्टुडिओतले गाणे लगेच पुढे ऐकले की फरक कुणालाही कळतो.

दुसरा झरा आकाशवाणीचा. 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री तो लागायचा, तेव्हा गावोगावचे शौकीन रेडिओला यंत्र जोडून तयार बसत. आकाशवाणीच्या केंद्रांवर जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे काही कार्यक्रम आज उरले आहेत ते केवळ कुणीतरी घरी मुद्रित करून ठेवले म्हणून.

मग सुरू झाली देवाणघेवाण. तुमच्याकडचा मल्लिकार्जुन मन्सूरांचा राग द्या, आमच्याकडचे कुमार गंधर्वांचे गाणे घ्या. विकणे बहुतेकांना कमीपणाचे वाटे. काही संग्राहक उदार होते, काही टेप ऐकवत पण प्रत काढू देत नसत. सुरबहारवादक अन्नपूर्णादेवींनी पन्नासच्या दशकानंतर जाहीर वादन सोडले. 2018 साली मुंबईत त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची एकही अधिकृत ध्वनिमुद्रिका निघाली नव्हती. त्यांच्या सुरबहारच्या इन्यागिन्या खासगी टेपा वर्षानुवर्षे हातोहात फिरल्या आणि प्रत्येक प्रतीगणिक सुरांवर सूंऽऽ अशा आवाजाचा एक थर चढत गेला.

प्रतीबरोबर आणखी एक गोष्ट बिघडे, ती म्हणजे वेग. यंत्र सहा टक्के जलद चालले की काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो, आवाज कोवळा होतो आणि तान उगाचच चपळ वाटते. जाणकार संग्राहक यावर छान तोड काढतात. जुन्या टेपेत घरच्या विजेची बारीक गुणगुण आलेली असते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची; ती गुणगुण बरोबर पन्नासावर येईपर्यंत वेग कमी-जास्त केला की गायकाचा खरा स्वर हाती लागतो.

सत्तरच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि छंद मध्यमवर्गीय घरांत शिरला. नव्वदची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागे, त्यामुळे असंख्य द्रुत बंदिशी ऐन रंगात तुटलेल्या आहेत. 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाचे हक्क मान्य झाले. विनापरवानगी टेपिंगला त्याआधी कायद्याचा अडसर जवळजवळ नव्हताच.

त्यानंतर पाच वर्षांनी, 1999 मध्ये, इंटरनेटवरून गाण्यांच्या फाइल एकमेकांना देण्याची सोय करणारे नॅपस्टर आले. ते दोन वर्षांत बंद पडले, पण वाट मोकळी झाली होती. नव्वद मिनिटांची कॅसेट एमपीथ्री करून साधारण 86 मेगाबाइटांत मावे. टेलिफोनच्या तारेवरून ती उतरवायला, लाइन तुटली नाही तर, साडेतीन तास लागत. तरीही न्यू जर्सीतला मराठी इंजिनियर रात्रभर संगणक चालू ठेवून गिरगावातल्या बैठकीचे गाणे मिळवू लागला. 2001 मध्ये बिटटोरंट आले, 2005 मध्ये यूट्यूब. ज्या टेपेसाठी पूर्वी वर्षभर ओळखी काढाव्या लागत, ती आज गाणे शिकणारी सांगलीची मुलगी फोनवर ऐकते. हा लाभ फार मोठा आहे. संगीत मूठभरांच्या कपाटातून सुटले, हे चांगलेच झाले.

वाईट झाले ते खोक्यांचे. स्पूलच्या खोक्यावर संग्राहक शाईने लिहीत: राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कुणाच्या घरी, कुठली तारीख. फाइल फिरू लागली आणि हा मजकूर मागे राहिला. आता एकाच मैफलीला तीन वेगवेगळी सालं चिकटलेली दिसतात. जयपूर घराण्याच्या जोडरागांची नावे तर सर्रास चुकतात. तबलजीचे नाव गळणे हे नेहमीचेच, आणि हा त्या कलावंतावर अन्याय आहे. कोणत्या वर्षीचे गाणे हे ठाऊक नसेल, तर गायक कसा बदलत गेला हे सांगता येत नाही, आणि संगीताचा इतिहास नेमका तिथेच अडतो.

जुन्या तबकड्यांबाबत नोंदी ठेवण्याचे हे काम मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने 1990 पासून नेटाने केले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत अभिलेखागाराची सुरुवात 1982 साली पुण्यात झाली. ते आता गुरुग्रामला आहे आणि खासगी संग्रह नोंदींसह सांभाळते. मुंबईत एनसीपीएचा संग्रह आहे. पण घरोघरच्या टेपांच्या मानाने हे प्रयत्न तोकडे आहेत. दमट हवेत टेपेला बुरशी धरते, काही टेपांचा लेप चिकट होऊन सुटतो, आणि स्पूलचे यंत्र दुरुस्त करणारा माणूस शोधूनही सापडत नाही.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचा टेपांचा खोका निघाला, तर तो रद्दीत घालू नका आणि घाईने वाजवूनही पाहू नका. आधी खोक्यावरच्या अक्षरांचे फोटो काढा. त्या बैठकीला हजर असलेले कुणी घरात असेल तर साथीला कोण होते ते विचारून लिहून ठेवा. मग टेप एखाद्या अभिलेखागाराकडे पोचवा.