'सोबत कोणी आलंय का?' : दिव्यांग व्यक्तीशी नीट संवाद साधण्याची जबाबदारी कोणाची?

बँकेचं काउंटर असो, सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी असो की तहसील कार्यालय. अंध किंवा कर्णबधिर व्यक्ती समोर आली की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "सोबत कोणी आलंय का?"

विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्यानंतर ज्याचं काम आहे तो माणूस बाजूला पडतो आणि सगळं बोलणं त्याच्या भावाशी, बायकोशी, कधी कधी तर शाळकरी मुलीशी होतं. खात्यात किती पैसे आहेत, रिपोर्टमध्ये काय निघालं, सही कशावर होतेय, हे सगळं आधी दुसऱ्याला कळतं.

मग कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 2 कोटी 68 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. तेव्हा नोंदीसाठी आठच प्रकार होते, हे लक्षात घ्यायला हवं.

या कायद्यात 'संवाद' या शब्दाचीच व्याख्या दिली आहे. बोलणं आणि लिहिणं एवढ्यावर ती थांबत नाही. ब्रेल, मोठी अक्षरं, सांकेतिक भाषा, स्पर्शाने होणारा संवाद, वाचून दाखवणारा माणूस, सोपी भाषा हे सगळं संवादातच धरलं आहे. दुसरी महत्त्वाची कल्पना 'वाजवी सोय'. समोरच्या माणसाच्या गरजेप्रमाणे नेहमीच्या पद्धतीत केलेला आवश्यक बदल, असा तिचा अर्थ. अवाजवी बोजा पडत नसताना अशी सोय नाकारली, तर कायद्याच्या लेखी तो भेदभाव ठरतो.

सोबतच्या माणसाबद्दल मात्र आपला कायदा फारसा तपशिलात जात नाही. अमेरिकेतल्या 1990 च्या दिव्यांग कायद्याखालचे नियम त्याबाबत स्पष्ट आहेत. दुभाष्या स्वतः घेऊन या, असं कार्यालयाला किंवा रुग्णालयाला सांगता येत नाही आणि दुभाष्याचा खर्चही त्या व्यक्तीकडून घेता येत नाही. सोबतच्या लहान मुलाकडून दुभाष्याचं काम करून घ्यायची मुभा फक्त आणीबाणीत आहे, तीही दुसरा दुभाष्या मिळत नसेल तर. आईचा आजार नऊ वर्षांच्या मुलाने तिला समजावून सांगायचा, ही कल्पनाच केवढी क्रूर आहे!

चिठ्ठीवर लिहून दिलं तर चालत नाही का?

'रक्कम किती काढायची' एवढ्यापुरतं चालतं. कर्जाच्या अटी किंवा शस्त्रक्रियेची संमती असेल तर बहुतेक वेळा नाही. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं आहे. 'तू कुठे राहतोस?' हे विचारताना 'कुठे' ची खूण शेवटी येते आणि 'राहतो', 'राहतोस', 'राहते' अशी रूपं होत नाहीत. लहानपणापासून खुणांमध्ये वाढलेल्या अनेकांसाठी मराठी ही दुसरी भाषा असते, तीही कानावर न पडलेली. कार्यालयीन मराठी तर ऐकू येणाऱ्यांनाही अडते.

ओठ वाचण्याचंही तसंच. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पान', 'भान' आणि 'मान' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क असेल तर तेवढाही आधार राहत नाही.

तालुक्याच्या गावात प्रशिक्षित दुभाष्या मिळणं अवघड आहे, हे खरं. व्हिडिओ कॉलवरचा दुभाष्या हा त्यावरचा एक मार्ग. साध्या कामासाठी फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग उपयोगी पडतं. कोणती पद्धत सोयीची, हे त्या व्यक्तीलाच विचारावं आणि विचारताना तिच्याकडे बघावं, सोबतच्याकडे नाही. हीच गोष्ट बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीची. जो अडखळत बोलतो त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नये.

काम ऑनलाइन झालं की अडचण संपते?

काहींची उलट वाढते. बँक खात्यासाठी ऑनलाइन केवायसी करताना 'डोळे मिचकवा' अशी सूचना येते. ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या व्यक्तीने ती कशी पाळायची? अंध व्यक्तीने चेहरा त्या चौकटीत कसा आणायचा? प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि 20 निर्देश दिले. पापण्यांच्या हालचालीला पर्याय ठेवा आणि कागदावर केवायसी करण्याची सोय चालू ठेवा, हे त्यातलेच.

मराठीत आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. अंध व्यक्ती फोनवरचा टॉकबॅक किंवा संगणकावरचा एनव्हीडीए अशा स्क्रीन रीडरवर मजकूर ऐकतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी डोळ्यांना व्यवस्थित दिसतं, पण स्क्रीन रीडर त्याचा अर्थहीन अक्षरांचा घोळ करून ऐकवतो. कागद स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफमध्ये तर वाचायला अक्षरंच नसतात, तो नुसता फोटो असतो. शिबिराची तारीख आणि पत्ता फक्त पोस्टरच्या चित्रात टाकला, तर त्याखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायला दोन मिनिटं लागतात. व्हिडिओला मराठी सबटायटल द्यायला थोडा जास्त वेळ लागतो.

दाद कुठे मागायची?

प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणं या कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. त्याशिवाय राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत, पुन्हा मोडल्यास 50 हजार ते 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार लेखी द्या आणि तारीख, वेळ, खिडकी क्रमांक लिहा. तुम्ही कोणती सोय मागितली आणि तुम्हाला काय उत्तर मिळालं, हे त्यात जरूर असू द्या, कारण सोय नाकारली गेली हे त्यावरूनच ठरतं.